कनौजचे मिट्टी अत्तर : घेण्याआधी काय हुंगावे

मिट्टी अत्तराच्या बाटलीवर किंवा तिच्या जाहिरातीत ‘पहिल्या पावसाचा सुगंध’ हे शब्द हमखास असतात, आणि घेणाऱ्याची निराशा तिथूनच सुरू होते. बाटली उघडताच अंगणात टपोरे थेंब पडल्याचा भास होईल अशा अपेक्षेने जो हे अत्तर घेतो, त्याला त्यात प्रथम चंदन भेटते, त्यानंतर कोरडी भाजकी माती, आणि पाऊस भेटलाच तर फार उशिरा आणि फार थोडा. अत्तर म्हणून ही चीज उत्तम आहे असे माझे मत आहे. मात्र ज्या कारणासाठी ती विकली जाते त्या कारणासाठी ती घेऊ नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

माझ्यासमोर या अत्तराच्या दोन बाटल्या आहेत. एक मुंबईत मोहम्मद अली रोडच्या परिसरातील एका जुन्या अत्तरवाल्याकडून तोळ्याच्या हिशेबाने घेतलेली आहे. दुसरी ऑनलाइन मागवलेली, देखण्या खोक्यातून मखमली पिशवीसह आलेली आहे. कनौजचे नाव दोन्हींच्या बाबतीत घेतले जाते. किमतींत मात्र दहापटीहून अधिक अंतर आहे, आणि हे अंतर कशामुळे पडते ते समजले की अत्तराच्या बाजारातील बरेचसे गूढ उकलते.

आधी जुन्या दुकानातील अत्तराविषयी. दुकानदाराने काचेच्या बुचाला जोडलेल्या सळीने माझ्या मनगटाच्या मागच्या बाजूस एक बारीक रेघ ओढली, आणि सवयीप्रमाणे दुसरा हात त्यावर घासायला जाताच ‘रगडो मत साहब, बैठने दो’ असे म्हणून थांबवले. त्याचे म्हणणे योग्य होते. घासल्याने कातडी गरम होते आणि मातीचा जो अगदी वरवरचा, नाजूक थर असतो तो लवकर उडून जातो. रेघ ओढल्याबरोबर नाकाला जाणवते ते चंदनाच्या तेलाचे स्निग्ध, किंचित दुधाळ वजन. मिनिटभराने त्याखालून एक रुक्ष, खनिज वास वर येतो, आणि तोच या अत्तराचा खरा प्राण आहे : कोऱ्या माठात पहिल्यांदा पाणी ओतल्यावर, माठ ते शोषून घेत असताना जो वास काही क्षण वर येतो, तो हा वास. त्यात गोडवा नाही, फुलांचा मागमूस नाही, हिरवटपणा नाही. पंधरा-वीस मिनिटांनंतर तो ओलसर होऊ लागतो. रुक्षपणा मऊ पडतो आणि चंदन व माती यांची सरमिसळ अशी होते की कोणते कुठे संपते ते सांगता येत नाही. पाऊस म्हणायचाच असेल तर तो याच टप्प्यावर आहे, आणि तो पडून गेलेला पाऊस आहे, पडणारा नव्हे. तास-दोन तासांनी माती मागे सरते आणि चंदन एकटे उरते, ते मात्र पुढे बराच वेळ टिकते.

कापडावर हाच क्रम संथ होतो. कापसाच्या फायावर घेऊन बाजूला ठेवले तर दुसऱ्या दिवशीही मातीचा अंश जाणवतो, कारण तिथे शरीराची ऊब नसते. दुकानात बरेचदा कागदाच्या पट्टीवर अत्तर हुंगायला देतात. मिट्टी अत्तराच्या बाबतीत ती पट्टी नाकारावी, कारण कागदाला स्वतःचा एक कोरडा वास असतो आणि तो नेमका या अत्तराच्या वाटेत येतो.

या अत्तराबद्दल ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते. ‘खोलीभर घमघमाट सुटला’ असे कोणी लिहिले असेल, तर त्याच्या बाटलीत काय होते याची मला शंका येते. घमघमाट केवड्याचा सुटतो; मोगरा दरवळतो; स्वस्त स्प्रेचा भपकारा येतो. मिट्टी अत्तर यांपैकी काहीच करत नाही. ते लावणाऱ्याला येते, फार तर अगदी शेजारी बसलेल्याला येते, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. या अत्तराचा वास मंद असणे हा दोष नाही. ज्यांना आपण आलो हे लोकांना वासावरून कळावे असे वाटते, त्यांनी हिना किंवा ऊद घ्यावे. त्यांच्यासाठी हे अत्तर म्हणजे पैसे पाण्यात.

ते असे मंद का, हे त्याच्या निर्मितीत आहे. कनौज हे उत्तर प्रदेशातील गंगेजवळचे शहर, सातव्या शतकात हर्षवर्धनाची राजधानी असलेले, आणि आजही पारंपरिक अत्तरांचे प्रमुख केंद्र. तेथील पद्धतीला ‘देग-भपका’ म्हणतात. देग म्हणजे भट्टीवर बसवलेले तांब्याचे मोठे भांडे. त्यात कच्चा माल आणि पाणी घालून झाकण ओल्या मातीने व कापसाने लिंपून बंद करतात. देगेतून निघणारी वाफ ‘चोंगा’ नावाच्या बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात जाते. भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचे तेल ओतलेले असते. वाफ थंड होते, तिच्यातील गंध तेल धरून ठेवते, आणि तळाशी साचलेले पाणी काढून पुन्हा देगेत घालतात. तापमापी नसते, भपक्याला हात लावून आणि उकळीचा आवाज ऐकून कारागीर आच कमी-जास्त करतो. गुलाबासाठी देगेत पाकळ्या पडतात, वाळ्यासाठी मुळ्या पडतात, आणि मिट्टी अत्तरासाठी चक्क माती पडते : तळ्याच्या किंवा शेताच्या वरच्या थरातील, उन्हाळ्यात तापून सुकलेली, बहुधा चकत्या किंवा खापऱ्या करून भाजलेली. हे काम मुख्यतः पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेच्या सुमारास चालते. मातीत मुळात तेल जवळजवळ नसतेच, त्यामुळे एकाच चंदनतेलावर नवनवीन मातीची वाफ पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. शेवटी अत्तर चामड्याच्या कुप्प्यांत ठेवतात. चामड्यातून पाण्याचा उरलेला अंश हळूहळू निघून जातो आणि तेल मागे राहते.

एवढ्या खटाटोपानंतर भाजलेल्या मातीचाच वास मिळावा, पावसाचा मिळू नये, यात अन्याय काहीच नाही. पावसानंतर जो मृद्गंध येतो तो एकाच पदार्थाचा नसतो. १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन संशोधकांनी ऑस्ट्रेलियात, कोरड्या तापलेल्या दगड-मातीतून वाफेच्या साह्याने एक पिवळसर तेल वेगळे काढले आणि त्या वासाला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. कोरड्या हवेत माती व दगड आसपासचे सेंद्रिय पदार्थ शोषून घेतात आणि ओल लागली की ते सोडतात, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. त्यांच्या लेखात उत्तर प्रदेशातील मातीच्या अत्तराचाही उल्लेख आहे, आणि तो योग्यच आहे, कारण प्रयोगशाळेत त्यांनी जे केले ते कनौजचे कारागीर भट्टीवर करतच होते. या तेलाखेरीज पावसाच्या वासात जिओस्मिनचा मोठा वाटा असतो. मातीतील स्ट्रेप्टोमायसिस वर्गाचे जिवाणू ते तयार करतात. बीटला येणारा मातकट वासही त्याचाच. माणसाचे नाक या द्रव्याच्या बाबतीत इतके तीक्ष्ण आहे की पाण्याच्या लाख कोटी भागांत त्याचे अवघे काही भाग असले तरी ते ओळखता येते. भट्टीत भाजलेल्या मातीत मात्र जिवाणू जिवंत राहत नाहीत आणि जिओस्मिनही फारसे टिकण्याचे कारण नाही. शिवाय खऱ्या पावसात थेंब सच्छिद्र मातीवर आदळताना बारीक बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि वासाचे सूक्ष्म तुषार हवेत उडवतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपून दाखवले. हलक्या आणि मध्यम पावसात हे तुषार जास्त उडतात असेही त्यांना आढळले. मनगटावरच्या तेलाच्या रेघेकडून या साऱ्याची अपेक्षा करणे चुकीचे आहे.

महाराष्ट्रातील नाकाला आणखी एक अडचण येते. आपल्यापैकी ज्यांच्या आठवणीतील मृद्गंध देशावरच्या काळ्या, उन्हाळ्यात भेगा पडणाऱ्या जमिनीचा आहे, किंवा कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीचा आहे, त्यांना कनौजची माती चटकन ओळखू येत नाही. तिकडची माती गंगेच्या गाळाची, बारीक पोताची. वळवाची पहिली सर काळ्या रानावर आली की जो गरम, उग्र वाफारा उठतो त्याच्यापुढे हे अत्तर फारच सौम्य वाटते. हे मी उणेपणा म्हणून लिहीत नाही. पण ‘अगदी आपल्या गावचा वास’ असे म्हणून कोणी विकत असेल, तर ते गाव कोणते एवढे विचारावे.

आता दुसरी बाटली. बूच काढल्याबरोबर वास अंगावर येतो, हीच पहिली शंकेची जागा. पहिला झोत खूप ओला आणि बीटासारखा मातकट आहे. अनेकांना तो ‘अगदी पाऊस’ वाटेल, आणि मला तो प्रामाणिकपणे आकर्षक वाटला. मातकट वासासाठी कृत्रिम जिओस्मिन किंवा त्यासारखे द्रव्य वापरले की असाच परिणाम साधतो. पण दहा मिनिटांत त्याचे रूप बिघडते. ओलसरपणा कुबट होतो, बंद कपाटातल्या कपड्यांसारखा, आणि मागून एक गोडसर, पावडरी वास येतो ज्याचा मातीशी काही संबंध नाही. चंदन शेवटपर्यंत येत नाही. तासाभराने हातावर निव्वळ चिकटपणा उरतो. खोक्यावर ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ आणि ‘पारंपरिक’ हे तिन्ही शब्द ठळक आहेत. आधारतेल, म्हणजे गंध ज्यात धरलेला असतो ते तेल, कोणते वापरले आहे, याबद्दल अवाक्षर नाही.

अत्तराच्या किमतीचा सारा खेळ या आधारतेलात आहे. भारतीय चंदनाचे अस्सल तेल किलोला लाख रुपयांच्या वर जाते. हिशेबाच्या सोयीसाठी लाखच धरले, तरी ग्रॅमला १०० रुपये पडले. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजे माती, इंधन, मजुरी आणि नफा यांतले काहीही न धरता एका तोळ्यातील नुसत्या चंदनतेलाचेच सुमारे १,१६६ रुपये होतात. यावरून तीनशे-चारशे रुपयांना तोळाभर ‘चंदनाधारित मिट्टी’ देणाऱ्याकडे चंदन असणे शक्य नाही, हे सांगायला नाकाची गरज नाही, पाढे पुरतात. चंदन महाग झाल्यापासून कनौजमध्येही पर्यायी आधार वापरले जातात, हे उघड गुपित आहे : लिक्विड पॅराफिन, प्रोपिलिन ग्लायकॉलच्या जातीची द्रावणे, आणि डायऑक्टाइल थॅलेट, ज्याला बाजारात ‘डीओपी’ म्हणतात. कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. परंतु तुमच्या हातातील बाटलीत चंदन आहे की पॅराफिन, हे त्या मानांकनाच्या उल्लेखावरून कळत नाही. ते विचारावेच लागते.

घरी करता येण्यासारख्या दोन चाचण्या आहेत, आणि दोन्हींना मर्यादा आहेत. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन अत्तराचा थेंब सोडावा. तो पाण्यात विरघळून दिसेनासा झाला, तर आधार ग्लायकॉलचा आहे, कारण तेल पाण्यात विरघळत नाही. ऑनलाइन बाटलीचा थेंब बघता बघता नाहीसा झाला, जुन्या दुकानातील थेंब मात्र तसाच तरंगत राहिला. पण पॅराफिनही तरंगते, म्हणून दुसरी चाचणी : एका थेंबाला पाच-सहा थेंब ७० टक्क्यांचे इथाइल अल्कोहोल. चंदनाचे तेल त्यात विरघळून द्रव स्वच्छ होतो. पॅराफिन विरघळत नाही, गढूळपणा किंवा वेगळे थेंब दिसतात. डीओपी ओळखण्यासाठी मात्र या चाचण्यांवर भरवसा ठेवू नये. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, म्हणूनच ते भेसळीला सोयीचे. मुळात ते प्लास्टिक मऊ करण्यासाठी वापरले जाणारे रसायन आहे आणि युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांमध्ये त्याच्या वापराला मनाई आहे. कातडीवर रोज लावायच्या वस्तूबाबत ही बाब किरकोळ नाही. मोठी खरेदी असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल मागण्यात संकोच करू नये. १९९१ मध्ये स्थापन झालेले सुगंध व सुरस विकास केंद्र कनौजमध्येच आहे आणि सुगंधी तेलांचे परीक्षण हे त्याच्या कामांपैकी एक आहे.

जुन्या दुकानाची सेवा कशी होती, याविषयी थोडे. घाई नव्हती, एकामागून एक बाटल्या दाखवण्याऐवजी दुकानदाराने मिट्टीनंतर वाळा आणि वाळ्यानंतर पुन्हा मिट्टी, असे हुंगवले, त्यामुळे दोन्हींतील अंतर नीट कळले. वाळा हिरवा आणि थंड आहे, त्यालाही मातीची बैठक आहे. पण मुळीचा वास आणि मातीचा वास यांत जो फरक असतो तो शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही. सलग पाच-सात अत्तरे हुंगली की नाक सरावते आणि सगळीच सारखी वाटू लागतात, हे त्या दुकानदाराला ठाऊक होते. त्याने दोन-तीन वासांनंतर दारात उभे राहून येण्यास सांगितले. आधार कोणता हे विचारल्यावर त्याने एकाच अत्तराचे दोन दर्जे समोर ठेवले, एक चंदनातले आणि एक ‘सादे’, आणि दोन्हींचे भाव सरळ सांगितले. तक्रारीची जागाही आहे. बाटलीवर हाताने लिहिलेल्या नावाखेरीज काही नाही : ना घटक, ना वजन, ना तयार केल्याची तारीख. पक्के बिल मागितल्यावरच मिळाले. ज्याच्याकडे चंदनातले अत्तर चंदनातले म्हणून विकण्याचा प्रामाणिकपणा आहे, त्याने तो प्रामाणिकपणा चिठ्ठीवर उतरवायला हरकत नसावी.

वापराविषयी काही सूचना देतो. हे अत्तर उन्हाळ्याचे. गुलाब, केवडा, वाळा यांच्या पंगतीतले. कडाक्याच्या थंडीत ते उमलत नाही, कातडी कोरडी असेल तर चंदनाखाली माती दबून जाते. आंघोळीनंतर, साबणाचा वास गेल्यावर, मनगटाच्या मागे किंवा कानाच्या पाळीमागे एक रेघ पुरे. तेलाचा डाग पडतो, म्हणून पांढऱ्या सदऱ्यावर किंवा रेशमी साडीवर थेट लावू नये. पैठणीवर तर मुळीच नाही. लावायचेच असेल तर फाया करून खिशात किंवा पदराच्या आतल्या बाजूस ठेवावा. अन्य कोणत्याही सुगंधी वस्तूबरोबर, विशेषतः अगरबत्ती लावलेल्या खोलीत, याचा वास कळणार नाही. बाटली काचेची, गडद रंगाची असावी आणि उन्हापासून दूर ठेवावी. चंदनातले अत्तर नीट ठेवल्यास काळाबरोबर अधिक मुरते. पॅराफिनमधल्याबाबत तसे म्हणता येणार नाही.

लग्नसमारंभात पाहुण्यांच्या हातावर लावायला हे अत्तर मी सुचवणार नाही. गर्दीत, फुलांत आणि जेवणाच्या वासात ते हरवते, आणि ज्याला लावाल तो आपल्याला तेल लावले असे समजून हात पुसतो. तिथे गुलाब किंवा मोगराच हवा. भेट म्हणून द्यायचे असेल तर ज्याला चंदन आवडते अशाच माणसाला द्यावे, कारण दिवसाचा बराच भाग त्याला चंदनच हुंगायचे आहे. ज्याला पहिल्या पावसाचीच ओढ आहे त्याला ऑनलाइन मिळणारी स्वस्त बाटली पहिली दहा मिनिटे जास्त खूश करेल, हे मान्य करतो. अकराव्या मिनिटाची जबाबदारी त्याची.

माझ्या लेखी चंदनातले मिट्टी अत्तर किमतीला उतरते, पण पहिल्यांदा घेताना तोळाभर घेऊ नये. बहुतेक जुने अत्तरवाले पाव तोळाही मोजून देतात. तेवढे घ्यावे, दुकानात हातावर लावून किमान अर्धा तास बाजारात फिरून यावे, आणि परतल्यावरही माती येत असेल तरच पैसे द्यावेत.